घाट चढतोय, नाडी चढत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकचे एक वाचक, वय ४४, नोकरी बैठी. तीन वर्षांपासून सायकल चालवतात. या हंगामात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) वेळेत पूर्ण केली. चार आठवड्यांनी ३०० आहे आणि याच हंगामात ४०० व ६०० करून सुपर रँदोनर (एकाच वर्षात या चारही राईड पूर्ण करणारा) व्हायचं आहे. त्यासाठी सात आठवड्यांपूर्वी त्यांनी आठवड्याचं अंतर दीडशे-पावणेदोनशेवरून थेट ३२० किलोमीटरवर नेलं. मंगळवारी आणि गुरुवारी घरच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटूनपालटून), शनिवारी कसारा घाट, रविवारी लांब राईड. सुरुवातीला घाटात मनगटावरच्या घड्याळात १५५ ते १५८ ठोके दिसायचे. आता कितीही जोर लावला तरी आकडा १४० च्या वर सरकत नाही, मांड्या ‘लाकडासारख्या’ होतात आणि ३८ मिनिटांचा चढ ४३ मिनिटं खातो. घड्याळाच्या हिशेबाने त्यांचा पाचवा झोन, म्हणजे नाडीचा सगळ्यात वरचा टप्पा, १५८ ला सुरू होतो, तिथवर आता पोचताच येत नाही. सकाळची नाडी ५६ वरून ४८ वर आली आहे. ग्रुपमधले मित्र म्हणतात, ‘हार्ट मजबूत झालंय, मोठ्या सायकलपटूंची नाडी चाळीसच्याही खाली असते.’ पण दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, रात्री तीनला जाग येते, घरच्यांवर चिडचिड होते. दोन महिन्यांत वजन ७२ वरून ६७ किलो झालं. रोज सोळा तासांचा उपास, रात्री पोळी-भात बंद, पहाटेची राईड काळ्या कॉफीवर. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे, ‘बीपीची गोळी चालू आहे, दिवाळीनंतर डॉक्टरांनी बदलून दिली.’ प्रश्न तीन आहेत. नाडी वर आणायला इंटरव्हल वाढवू का? पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारं यंत्र) घेऊ का? आणि ३०० ला जाऊ की नको?

नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी शेवटच्या ओळीवर थांबायला हवं. ती तुम्ही सहज लिहून गेलात, पण बाकी सगळ्या पत्राचा अर्थ तिने बदलू शकतो. गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही. पाकीट हातात घ्या आणि ब्रँडचं मोठं नाव सोडून त्याखालची बारीक अक्षरं वाचा. तिथे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बायसोप्रोलॉल, नेबिवोलॉल असं ‘लॉल’ने संपणारं नाव दिसलं, तर ती बीटा ब्लॉकर आहे. अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाच्या ज्या कड्या वाजवून त्याला पळवतं, त्या कड्याच ही गोळी झाकून ठेवते. मग घाटात तुम्ही कितीही जोर लावा, नाडी एका मर्यादेपुढे जात नाही आणि पाय लवकर भरून येतात. पुष्कळ गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात, उदाहरणार्थ टेल्मिसार्टनच्या जोडीला मेटोप्रोलॉल, त्यामुळे पहिलं नाव वाचून थांबू नका. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि आयव्हाब्रॅडीन हीदेखील नाडी खाली ठेवणारी औषधं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा काही जणांची नाडी उतरवतात, आणि डोळ्यांचं औषध म्हणून ते डॉक्टरांना सांगायचं राहूनच जातं. नुसती टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिन असेल तर कमी नाडीचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

नाव ‘लॉल’चं निघालं तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडला की रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडे जा आणि त्यांना आठवड्याचे तास सांगा. ‘थोडी सायकल चालवतो’ असं नको, ‘आठवड्याला चौदा तास, त्यात घाट’ असं सांगा. पुष्कळदा नाडीला हात न लावणारा दुसरा पर्याय असतो. तो नसेल, हीच गोळी गरजेची असेल, तर घड्याळातले झोन तुमच्यासाठी निरुपयोगी झाले असं समजा आणि दमसासावर चाला. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतं तो सोपा वेग, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो तो मध्यम, एकेक शब्दच फुटतो तो कठीण.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडेच नेण्याची आहे. राईडमध्ये छातीवर दाब किंवा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर, ठोका चुकल्यासारखं किंवा फडफडल्यासारखं वाटणं, नेहमीच्या चढाला न शोभणारी धाप, घराण्यात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू, यातलं काही असेल तर सायकल आजच भिंतीला लावा आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. तरीही ४४ व्या वर्षी, बीपी असताना, ३०० किलोमीटरला निघण्यापूर्वी ईसीजी, इको आणि ट्रेडमिलवरची टीएमटी करून घेणं रास्त आहे. टीएमटीच्या वेळी एक विनंती आवर्जून करा. वयाच्या हिशेबाने काढलेल्या कमाल नाडीच्या ८५ टक्क्यांना चाचणी अनेकदा थांबवली जाते. तुमची तक्रारच वरच्या टोकाची आहे, तेव्हा डॉक्टरांना सुरक्षित वाटेल तिथपर्यंत, खरोखर दमेपर्यंत ती चालू द्या म्हणावं. हृदयाची विद्युतव्यवस्था मंदावल्यामुळे नाडी चढत नसेल तर ते तिथेच दिसतं. चाचणीआधी तीन-चार दिवस विश्रांती घ्या, नाहीतर थकव्याने खाली राहिलेली नाडी आजार म्हणून वाचली जाईल.

आता मोजमापाबद्दल. मनगटावरचं घड्याळ कातडीखालचं रक्त प्रकाशाने पाहतं. पहाटेच्या थंडीत हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात, हँडलबारवरची मूठ आवळलेली असते, रस्त्याचे हादरे बसतात, आणि घड्याळ चुकीचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने दाखवत राहतं. नाशिक-निफाडकडची हिवाळी पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यातच थंड हवेत नाडी उकाड्यातल्यापेक्षा काही ठोक्यांनी खरोखरच कमी असते, कारण कातडी गार ठेवायला वेगळं रक्त पाठवावं लागत नाही. म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हातला घाट आणि जानेवारीच्या पहाटेचा घाट यांची नुसती नाडी शेजारी ठेवून काही ठरत नाही. दोन-तीन वेळा चढाच्या शेवटी थांबा, गळ्याच्या एकाच बाजूला हलकी बोटं ठेवून लगेच १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. घड्याळाशी पाच-सहा ठोक्यांहून जास्त तफावत आली तर नाडी मोजणारा छातीचा पट्टा घ्या. पट्ट्याचे दोन्ही पॅड वापरण्याआधी पाण्याने ओले करावे लागतात. कोरडा पट्टा पहिली दहा मिनिटं काहीबाही दाखवतो, आणि सेल उतरत आला की आकडा अडकून बसतो.

समजा गोळी निर्दोष निघाली आणि १४० खरंच १४० च आहेत. मग तुमच्या मित्रांच्या म्हणण्याकडे वळू.

नाडीचा आकडा एकटा वाचता येत नाही. त्याच्या शेजारी दोन गोष्टी लागतात. सायकल तेव्हा किती वेगाने वर जात होती, आणि ते करताना जीव किती मेटाकुटीला येत होता. हृदय मिनिटाला जितकं रक्त फेकतं तो गुणाकार आहे, ठोके गुणिले दर ठोक्याचं रक्त. समजा एखाद्या चढाला मिनिटाला २० लिटर लागतात. १५५ ठोक्यांत ते भागवायला दर ठोक्याला साधारण १२९ मिलिलिटर हवेत, १४० ठोक्यांत १४३. सरावाने रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय जास्त भरतं, जास्त फेकतं, आणि तेच काम कमी ठोक्यांत होतं. मित्र जे म्हणतात ते हेच, आणि ते खोटं नाही. पण असं झालं की चढ सोपा वाटायला लागतो. वेळ तीच राहते किंवा कमी होते, वर पोचल्यावर गप्पा मारता येतात.

तुमचं काय झालंय ते तुमच्याच आकड्यांत पाहू. तुमचं वजन पाच किलोने उतरलं. सायकल, पाणी, कपडे धरून आधी जवळपास ८६ किलो वर जात होते, आता ८१. पायांत पूर्वीइतकीच ताकद असती तर ३८ मिनिटांचा घाट ३६ मिनिटांच्या आसपास व्हायला हवा होता. झाला ४३ मिनिटांत. हिशेब केला तर पायांची ताकद साधारण सहाव्या हिश्शाने घटलेली दिसते. नाडी न चढण्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. हृदय मागणीप्रमाणे पुरवठा करतं. पायच काम कमी करत असतील तर त्याला पळायचं कारण उरत नाही.

उरलेलं अर्धं मज्जासंस्थेत आहे. नाडीवर एक नस वेग देणारी असते आणि एक आवरणारी. आठवड्यांमागून आठवडे भार चढत गेला की शरीर अ‍ॅड्रेनॅलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही आणि आवरणारी नस वरचढ होते. तेव्हा कामाच्या वेळी नाडी दबते, कमाल नाडीसुद्धा खाली येते, आणि ठोके कमी असूनही कष्ट जास्त वाटतात. सरावाचे अभ्यासक याला अतिभाराची अवस्था म्हणतात. ती आठ-पंधरा दिवसांच्या विश्रांतीने उतरली तर सरावाचा भाग समजायची. उतरायला कित्येक आठवडे लागले तर ती नुकसानीची. आणि कित्येक महिने गेले तर तो पुरता ढासळलेला खेळाडू. अडचण अशी, की पहिल्या दिवशी तिन्ही अगदी सारख्याच दिसतात. आपण कुठे होतो ते सावरायला किती दिवस लागले यावरूनच कळतं. म्हणून आत्ताच थांबण्याला इतकं महत्त्व आहे.

मोठ्या सायकलपटूंच्या नाडीबद्दल एक खुलासा. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या मिगेल इंदुराइनची नाडी २८ होती असं नेहमी सांगितलं जातं. ती झोपून मोजलेली, विश्रांतीची नाडी. डोंगर चढताना ती वर जायलाच हवी, आणि निरोगी, ताज्या शरीरात ती जाते. विश्रांतीची नाडी खाली आणि कामाची नाडी वर, यांच्यातलं अंतर रुंद असणं ही तंदुरुस्ती. तुमच्यात दोन्ही टोकं एकदमच खाली आली आहेत. शिवाय सकाळचे ४८ ठोके सरावानेही होतात आणि उपाशी शरीर खर्च आवरतं म्हणूनही होतात. तुमच्या बाबतीत दुसऱ्या शक्यतेला वजन आहे. नाडी झपाट्याने उतरते म्हणजे मी फिट, असंही ग्रुपमध्ये ऐकू येतं. अतिभारात थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाला नाडी उलट जास्तच वेगाने उतरताना दिसू शकते, तेव्हा तेही एकटं वाचू नये.

घड्याळाच्या झोनचा पायाही तपासा. १५८ हा आकडा २२० वजा वय म्हणजे १७६, त्याच्या नव्वद टक्क्यांवरून आलेला आहे. हे सूत्र मोठ्या गटाची सरासरी सांगतं. एकेकट्या माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सर्वसाधारण आहे, आणि सायकलवरची कमाल नाडी धावण्यापेक्षा बहुधा काही ठोक्यांनी कमीच भरते. म्हणजे ज्या आकड्यापर्यंत पोचायला तुम्ही स्वतःला पिळत आहात, तो तुमच्या शरीरावरून काढलेलाच नाही. इंटरव्हल वाढवू का, याचं उत्तर त्यामुळे ठाम नाही असं आहे. दबलेली नाडी जोर लावून वर आणणं म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणं.

याहून मोठा प्रश्न असा, की हे इंटरव्हल कशासाठी होते? ३०० किलोमीटरच्या बीआरएमला २० तास मिळतात. सरासरी १५ किलोमीटरची पडते, थांबे धरून. चालत्या सायकलवर तुम्ही ताशी २० ठेवलेत तर १५ तासांत अंतर संपतं आणि पाच तास जेवण, पंक्चर, वाटेतल्या कंट्रोलवरचे (तपासणीच्या ठिकाणांवरचे) शिक्के आणि डुलकीला उरतात. या परीक्षेत पोट, बूड, मान, तळहात आणि रात्रीची झोप कस लावतात. पाचव्या झोनमध्ये तुम्ही त्या दिवशी एक मिनिटही जाणार नाही, जाऊही नये. आठवड्यातून दोन कठीण दिवस, वर शनिवारचा घाट म्हणजे तिसरा, आणि रविवारी दमलेल्या पायांवर लांब पल्ला, ही आखणी छोट्या शर्यती मारणाऱ्या पंचविशीतल्या मुलालाही सात आठवडे सलग झेपणार नाही. त्यात एकही हलका आठवडा नाही.

आता जेवणाकडे येतो. माझ्या मते तुमचं दुखणं मुख्यतः इथे आहे.

सात आठवड्यांपूर्वी तुम्ही आठवड्याला सातेक तास चालवत होता, आता चौदा. तासाला साडेचारशे-पाचशे कॅलरी धरल्या तर नुसता सायकलचा खर्च आठवड्याला साडेसहा-सात हजारांवर गेला, म्हणजे रोज हजाराच्या आसपास. नेमकं याच काळात तुम्ही रात्रीची पोळी आणि भात काढून टाकलात. दोन महिन्यांत पाच किलो म्हणजे रोज सहाशे कॅलरींच्या आसपास तूट. शरीर ही तूट आधी ज्या कामांवाचून निभतं तिथून कापतं. ऊब, झोप, हार्मोन्स, दुरुस्ती, नाडी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. खेळाडूची ऊर्जाच अपुरी पडल्याने सगळ्या संस्था मंदावतात, त्यात मंद नाडीही येते. हेच पत्र एखाद्या सायकलपटू स्त्रीचं असतं तर मी पहिला प्रश्न पाळीचा विचारला असता. पाळी लांबणं किंवा थांबणं हे त्याच तुटीचं फार स्पष्ट लक्षण आहे, ‘सरावाने होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. पुरुषांत असा ठळक इशारा नसतो, म्हणून तूट महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. पहाटे तीनची जाग, चिडचिड, थंडी जास्त वाजणं, कामेच्छा मंदावणं, हेच त्यांचे इशारे.

रिकाम्या पोटी चरबी जळते, हे अर्धं खरं आहे. सपाटीवर तासभर, बोलत बोलत चालवलीत तर चरबीचा वाटा वाढतो आणि फार बिघडत नाही. घाट आणि इंटरव्हल मात्र ग्लायकोजेनवर, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेवर, चालतात. त्याचा साठा स्नायूंत तीनशे ते पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. यकृतातला बराचसा रात्री झोपेतच संपतो. रिकामा झालेला साठा भरायला पोटभर भात-भाकरी खाऊनसुद्धा २४ तास लागतात. तुम्ही मंगळवारी अर्ध्या टाकीवर सुरुवात करता, गुरुवारी पाव टाकीवर, आणि शनिवारी घाटात पोचता तेव्हा तळ दिसत असतो. मांड्या लाकडासारख्या होतात त्या यामुळे. कॉफी त्यावर फक्त थोडा वेळ पांघरूण घालते.

करायचं काय? सरावाच्या दिवशी वजनाच्या दर किलोला पाच ते सात ग्रॅम कर्बोदकं, तुमच्यासाठी साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम. घरच्या ताटात ते असं बसतं: मध्यम पोळीत २० ग्रॅम, ज्वारीच्या मोठ्या भाकरीत ५० च्या आसपास, वाटीभर शिजलेल्या भातात ४०, पोह्यांच्या बशीत ४५, केळ्यात २० ते २५. रात्रीच्या जेवणात दोन भाकरी किंवा चार पोळ्या आणि वाटीभर भात परत आणा. सोळा तासांचा उपास सरावाच्या हंगामात बंद. सोमवारचा किंवा चतुर्थीचा उपास श्रद्धेने करत असाल तर तो जरूर करा, फक्त तो दिवस सायकलच्या विश्रांतीचा ठेवा. साबुदाणा आणि रताळं त्या दिवशी साठा भरायला उत्तमच. पहाटे निघण्याआधी एक केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा गूळ लावून पोळी. दीड तासापेक्षा लांब राईड असेल तर पहिल्या अर्ध्या तासापासून दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. भूक लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो. महागडी एनर्जी जेल लागतातच असं नाही. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ हे काम चोख करतं. साखर एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या, साधारण १२ ते १४ सपाट चमचे भरतात. तुम्हाला बीपी असल्याने मिठाचं डॉक्टरांना विचारा, आणि गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पाण्याचंही. मधुमेह असलेल्या वाचकांनी ही बाटली स्वतःच्या मनाने भरू नये. राईड संपली की तासाभरात खरं जेवण हवं, दोन भाकरी, वाटीभर उसळ, वाटीभर दही. दिवसभरात प्रथिनं शंभर ग्रॅमच्या आसपास. शाकाहारी घरात ती आपोआप पूर्ण होत नाहीत, डाळ, दही, पनीर, सोयाबीन मोजूनच घ्यावे लागतात.

वजन आणखी उतरवायचं असेल तर ते हंगाम संपल्यावर, महिन्याला एक-दीड किलोच्या वेगाने. चढावर वजनाचा फायदा होतो हे खरं, पण तुमच्या ४३ मिनिटांनी दाखवलंच आहे की ते कशाच्या बदल्यात मिळतं.

रक्ताच्या तपासण्या एकदा करून टाका: सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम. थायरॉइड मंदावला तर नाडी खाली आणि अंगात सुस्ती, हुबेहूब तुमचं चित्र. हिमोग्लोबिन कमी असेल तर नाडी बहुधा वाढते, पण हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ३० च्या खाली गेलेलं असू शकतं आणि पाय तेवढ्यानेही जड होतात. फेरिटिन कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या दुकानातून आणून सुरू करू नका. चाळिशीनंतरच्या पुरुषात लोह का कमी झालं, पोटातून कुठे रक्त जातंय का, हे आधी पाहावं लागतं. रक्त देण्याआधी ४८ तास जोराचा व्यायाम नको, नाहीतर स्नायूंच्या झिजेमुळे काही आकडे वाढलेले येतात आणि नाहक घबराट होते.

आता चार आठवडे कसे घालवायचे ते. हे डॉक्टरांनी सायकलला हरकत नाही म्हटल्यावरच. पहिले तीन-चार दिवस सायकल नाहीच. चाला, झोपा, जेवा. पुढचे चार दिवस रोज पाऊण तास, सपाटीवर, गाणं गुणगुणता येईल इतक्या हलक्या गिअरमध्ये. या दिवसांत पाय आणखी जड वाटतील, अंग आंबल्यासारखं होईल, सगळं विसरलो की काय असं मनात येईल. तसं होतंच, आठवड्याभरात दमसास जात नाही. रोज सकाळी उठल्याउठल्या, चहाआधी, पडल्या पडल्या पूर्ण मिनिट नाडी मोजा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: नाडी, झोपेचे तास, पाय कसे आहेत. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका, सात दिवसांची सरासरी बघा. तिच्यात पाच-सहा ठोक्यांची वाढ झाली तरी थकवा असू शकतो आणि घट झाली तरी, म्हणून तिसरा रकाना महत्त्वाचा.

नवव्या किंवा दहाव्या दिवशी ट्रेनरवर एक मोजणी. दहा मिनिटं हलकं चालवा. मग ठरलेल्या गिअरमध्ये, ठरलेल्या पायडलवेगाने सहा मिनिटं सोपं, सहा मिनिटं मध्यम, तीन मिनिटं कठीण. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या मिनिटातली नाडी लिहा आणि कष्टाला एक ते दहात गुण द्या. पंखा, खोली, वेळ, आदलं जेवण हे दरवेळी सारखं ठेवा, नाहीतर तुलना व्यर्थ. नाडी पुन्हा मोकळेपणाने चढत असेल आणि कष्ट कमी वाटत असतील तर तुम्ही सावरताय. नाडी तशीच दबलेली आणि कष्ट तेवढेच असतील तर आणखी चार-पाच दिवस विश्रांती आणि पुन्हा मोजणी. नाडी नेहमीपेक्षा जास्त आणि कष्टही जास्त, असं दिसलं तर अंगात ताप-सर्दी शिजतेय का, पाणी कमी पडलंय का, झोप झाली का ते पाहा.

दहाव्या दिवशी हिरवा कंदील मिळाला तर तिसऱ्या आठवड्यात एकूण १९० किलोमीटरपर्यंत, सगळे बोलता येणाऱ्या वेगात. त्यातली एक राईड १२० ची, खाण्याची तालीम म्हणून. चौथा आठवडा हलका. चौदाव्या दिवशीही मोजणी वाईटच असेल तर ३०० सोडा. रँदोनरिंगचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं चालतं, सुपर रँदोनरच्या चारही राईड त्या वर्षात कुठूनही पूर्ण करता येतात. नाशकात जमली नाही तर पुण्यात, मुंबईत पुढची ३०० लागतेच. पुढे सराव वाढवताना आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ, तीन आठवडे चढते आणि चौथा निम्म्यावर. कठीण दिवस एकच, फार तर दोन, आणि त्यांच्यात ४८ तास. शनिवारी घाट केलात तर रविवार सपाटीवर.

पॉवर मीटर आत्ता नको. तो काय सांगेल? पायांची ताकद घटली आहे. ते तुमच्या घड्याळातल्या ३८ आणि ४३ ने आधीच सांगून टाकलंय. छातीचा पट्टा त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतो, तो घ्या. सहा महिन्यांनी नीट खाऊन-झोपून सराव बसला आणि तरीही आकड्यांची गोडी असेल, तेव्हा पॉवर मीटरचा विचार जरूर करा.

आणि ३०० ला गेलातच, तर त्या दिवशी घड्याळाच्या पडद्यावरून नाडी काढून टाका. वेळ, अंतर, पुढचा कंट्रोल किती वाजता बंद होतो, एवढंच ठेवा. दर अर्ध्या तासाला गजर लावा. वाजला की दोन घोट आणि अर्धं केळं किंवा चिक्कीचा तुकडा, भूक असो वा नसो. पहिल्या घाटात सोबतचे पुढे गेले तर जाऊ द्या, तिथे तुम्हाला पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. रात्री अकरानंतर पापण्या मिटायला लागल्या तर ढाब्याच्या खाटेवर वीस मिनिटं आडवे व्हा. २० तासांच्या हिशेबात ती वीस मिनिटं धरलेलीच आहेत.